कायदा बदलला, घराचं काय?

१९८१मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं. बाईवर जीव जडलेली मित्रा आणि तिची कोंडी मराठी प्रेक्षकाने उघड्यावर पाहिली. २००६मध्ये सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरीत पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातले भाऊ-बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडले. समलिंगी प्रेमाचा विषय थेट आपल्या दिवाणखान्यात आला.

कायद्याची वाट वळणावळणाची. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये समलिंगी संबंधांना दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये काढून घेतला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने प्रौढांचे संमतीचे असे संबंध भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७मधून वगळले.

घरातला प्रश्न मात्र तोच: लग्न कधी करतोस?

वंश पुढे चालावा, चारचौघांत मान राहावा, ही आईवडिलांची काळजी खोटी नाही. पण तिच्यापायी मुलाला बोहल्यावर चढवलं, की त्याच्याबरोबर एका अनोळखी मुलीचंही आयुष्य भरडलं जातं. याला परंपरा जपणं म्हणता येणार नाही. हा दोघांवरचा अन्याय आहे.

ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली आणि निर्णय कायदेमंडळावर सोपवला. तो होईल तेव्हा होईल. आईवडिलांनी तरी मूल बोलायला आलं, तर आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं.