माळ्यावरचा लॅपटॉप

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरचे लॅपटॉप खाली येतात आणि त्यांतले काही माझ्या टेबलावर पोचतात. आणणाऱ्याला यंत्राचं फारसं प्रेम नसतं. त्याला आतलं काहीतरी हवं असतं : जुने फोटो, हिशेब, नाहीतर छापखान्याचं काम. मराठी मजकुराची अडचण आणखी वेगळी. युनिकोड रुळण्याआधी टाइप केलेला मजकूर त्या-त्या फाँटशिवाय उघडला तर नुसती गिचमिड दिसते. काही लिपी-सॉफ्टवेअर तर प्रिंटरच्या पोर्टला डोंगल लावल्याशिवाय चालतच नसत. आजच्या लॅपटॉपला ते पोर्ट नाही. म्हणून मूळ यंत्रच उभं करावं लागतं.

'चालूच होत नाही' या एका तक्रारीत चार वेगळे बिघाड असू शकतात : वीजच आत जात नाही, वीज जाते पण पडदा काळा राहतो, पडदा उजळतो पण यंत्र स्वतःच्या तपासणीत अडतं, किंवा तपासणी पार पडते आणि विंडोज येत नाही. यंत्र कुठपर्यंत पोचतं हे कळेपर्यंत मी एकही भाग बदलत नाही. आयबीएमचा २००३ सालचा थिंकपॅड टी४० डोळ्यांसमोर ठेवून सांगतो; त्याला ते जुनं पोर्टही आहे.

बटण दाबण्याआधी बॅटरी काढा. फुगलेली असेल तर ती पुन्हा बसवायची नाही. नव्वदच्या दशकातल्या यंत्रांत बोर्डावर छोटी निकेल बॅटरी किंवा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर गळलेले असू शकतात. हिरवट डाग किंवा मासळीसारखा वास आला तर आधी सफाई, मगच वीज. बॅटरीचा क्षार व्हिनेगरच्या बोळ्याने उतरतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोर्ड पूर्ण कोरडा करायचा. कोकणातल्या दमट घरांत हे डाग लवकर पसरतात.

आता चार्जर. टी४० ला १६ व्होल्ट लागतात, तर २००६ च्या टी६० ला २०. पिन बसली म्हणून चार्जर चालेलच असं नाही. मल्टिमीटरवर १६ दिसले तरी मी समाधान मानत नाही, कारण म्हातारा चार्जर रिकामा असताना बरोबर आकडा दाखवतो आणि भार पडला की बसतो. ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब जोडून पुन्हा मोजलं की खरं कळतं. चार्जर ठीक असेल तर बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढून अर्धं मिनिट बटण दाबून धरा, मग नुसत्या चार्जरवर लावून बघा. अडकून राहिलेला चार्ज निघून गेल्यावर काही यंत्रं एवढ्यावरच चालू होतात.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळा : इथे अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारायचा. पुसट चित्र दिसलं तर यंत्र धडधाकट आहे, मागची ट्यूब किंवा तिचा इन्व्हर्टर गेलाय. काहीच दिसत नसेल तर बाहेरचा मॉनिटर लावा. त्यावरही अंधार असेल तर रॅम काढा, तिचे संपर्क पुसा आणि एकेक पट्टी आळीपाळीने लावून पाहा. टी४० मालिकेचा आणखी एक ओळखीचा आजार म्हणजे ग्राफिक्स चिपखालच्या डाखाला गेलेला बारीक तडा. एका कोपऱ्याने लॅपटॉप उचलायच्या सवयीने बोर्ड वाकतो आणि तिथेच ताण येतो. चिपची जागा दाबून धरल्यावर यंत्र चालू झालं तर संशय पक्का. शिसे-कथिलाचा डाख १८३ अंशांना वितळतो. हेअर ड्रायरने तो वितळत नाही आणि ओव्हनमध्ये बोर्ड भाजणं हा निव्वळ जुगार आहे. चिप काढून नव्याने डाख घालणं हाच टिकाऊ इलाज.

पडद्यावर आकडे आले तर निम्मं काम झालं. १६१ म्हणजे आतला बटणसेल संपला. १६३ म्हणजे तारीख-वेळ हरवली. ३ व्होल्टचा सेल बदला, एफ१ दाबून वेळ लावा, गाडी पुढे जाते. पण सुपरवायझर पासवर्ड विचारला तर सेल काढून उपयोग नाही. तो वेगळ्या चिपमध्ये असतो आणि वीज गेली तरी राहतो.

शेवटचा टप्पा विंडोजचा. ड्राइव्हमध्ये राहिलेली फ्लॉपी किंवा लावलेला पेनड्राइव्ह आधी काढा. यंत्र तिथूनच सुरू व्हायला बघत असतं. मग डिस्क. टी४० ची डिस्क एक स्क्रू काढला की बाजूने बाहेर येते. खडखड ऐकू आली तर पुन्हा-पुन्हा चालू करू नका, प्रत्येक वेळी पृष्ठभाग खरवडला जाऊ शकतो. डिस्क शांत फिरत असेल तर ४४ पिनांच्या अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडून तिची पूर्ण प्रत काढा, आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

जुना लॅपटॉप भंगारात देणार असाल तर डिस्क काढून घ्या. ठेवणार असाल तर बॅटरी वेगळी करा, चार्जर आणि डोंगल त्याच पिशवीत ठेवा, आणि वर्षातून एकदा चालू करून बघा. मराठी मजकूर असेल तर यंत्र चालतंय तोवरच तो युनिकोडमध्ये आणून घ्या.