वाढण्याची भांडी

शिजविण्याची भांडी आणि वाढण्याची भांडी यांत आमच्या जुन्या घरांनी जो भेद कटाक्षाने पाळला, तो केवळ सोयीचा नव्हता. चुलीवर चढणाऱ्या पातेल्याच्या बुडाला लेवण द्यावे लागे, त्याला काजळी धरे, आणि स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येई. परंतु वेळणी, ओगराळे, चटण्या-कोशिंबिरींचा चौफुला, भाजीचे पसरट तसराळे ही पंगतीत, परक्या माणसासमोर, यजमानाच्या हातून पुढे होत असल्यामुळे घराची अब्रू त्यांच्या ठायी वसत असे. आयुष्याचा बराच काळ मी अशा जुन्या भांड्यांचा संग्रह करीत आलो, आणि या संग्रहाचा मी स्वतःपुरता एकच कायदा केला आहे: जे भांडे पानावर वाढण्यासाठी घडविले गेले, ते माझ्या घरी आल्यावर पानापर्यंत गेलेच पाहिजे.

या नादाचे मूळ आमच्या घराच्या दप्तरात आहे. आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू विभक्त झाले तेव्हा पंचांसमक्ष जे वाटणीपत्र झाले, त्याची मोडी नक्कल वडिलांनी जपून ठेवली होती आणि मला वाचून दाखविली होती. त्यात जमिनीच्या चतुःसीमा चार ओळींत आटोपल्या आहेत. मात्र भांड्यांपाशी येताच लिहिणाऱ्या कारकुनाची लेखणी एकाएकी बारकाईने चालू लागते, कारण एका वेळणीसारखीच दुसरी वेळणी दिसत असल्यामुळे उद्या तंटा होऊ नये म्हणून प्रत्येक जिनसाची ओळखखूण नमूद करणे त्याला भाग होते. ‘वेळणी पितळी थोरली, काठास चीर, झाळलेली, नग एक’ ही नोंद वडिलांनी वाचली आणि मग फडताळातून तीच वेळणी काढून तिच्या काठावरची ती झाळ माझ्या बोटाला लावली. दस्तऐवजातील अक्षर आणि धातूवरील व्रण यांचा असा मेळ बसलेला पाहून जो रोमांच तेव्हा अंगावर उठला, तो नंतर मोठमोठी ऐतिहासिक कागदपत्रे हाताळतानाही उठला नाही.

समाराधनेच्या वा लग्नाच्या पंगतीला घरची भांडी पुरत नसत. त्यासाठी देवस्थानच्या कोठीतून मोठी भांडी आणावी लागत, नेताना आणि परत करताना ती मोजून घेतली जात, आणि त्यांच्यावर देवाचे नाव कोरलेले असल्यामुळे ती दडपून ठेवण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नसे. वाढप्यांतही चढती श्रेणी होती. पानाच्या वरच्या अंगाला मीठ आणि लिंबाची फोड ठेवण्याचे काम लहान मुलांचे. डाव्या बाजूच्या चटणी-कोशिंबिरीचा चौफुला त्यांहून थोराड मुलांच्या हाती. वरणाचे ओगराळे मनगटात बळ आल्याशिवाय मिळत नसे. आणि तुपाचे भांडे तर घरातील कर्त्या माणसाकडेच असावयाचे, कारण तूप किती सैल हाताने पडते यावरून त्या घराची दानत लोक ताडीत. मिठापासून वरणापर्यंतची बढती मला आमच्या गावच्या पंगतींत मिळाली, आणि भरलेले ओगराळे घेऊन वाकून चालताना पंगतीतल्या प्रत्येक माणसाकडे पाहावे लागते, हा धडाही मी तेथेच घेतला.

पुढे शहरात बिऱ्हाड झाले आणि स्टेनलेस स्टीलचे युग आले. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही, ते कळकत नाही. स्त्रियांच्या कष्टांचा विचार करता त्याचे स्वागत झाले यात काही वावगे नव्हते, आणि जुन्या पितळेच्या मोहापायी मी ते नाकारणार नाही. परंतु त्या भरात घरोघरची पितळ मोडीत गेली, आणि मोडीच्या तराजूत वजनापलीकडे काहीच मोजले जात नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जो जुना बाजार भरतो, तेथे मी पहिले तसराळे घेतले तेही असेच वजनावर. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले कोण्या सासुरवाशिणीचे नाव होते, आणि खाली तिच्या माहेरच्या गावाचे. ते नाव घासून काढून देऊ का, असे विक्रेत्याने विचारले. मी नको म्हटले. ज्या बाईने त्या तसराळ्यातून आयुष्यभर इतरांना वाढले आणि बहुधा सर्वांच्या मागून स्वतः जेवली, तिच्या नावावर माझी मालकी चढविण्याचा मला कोणता अधिकार?

जुने भांडे ओळखण्याच्या खुणा सरावाने कळू लागतात. हाताने घडविलेल्या भांड्याच्या बुडाशी किंवा कुशीला दोन पत्रे एकमेकांत गुंतवून झाळल्याची दातेरी रेघ दिसते; यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला ती नसते. कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून चालत आलेले मठारकाम, म्हणजे हातोडीच्या लयबद्ध घावांनी तांब्यावर उमटविलेल्या चकाकत्या खळ्या, ही केवळ शोभा नाही. त्या ठोक्यांनी मऊ तांबे कठीण होते आणि भांडे पोचत नाही. काशाची गोष्ट निराळी. शेकडा सुमारे 78 भाग तांबे आणि 22 भाग कथील यांचे हे मिश्रण थंड असता ठोकले तर तडकते, म्हणून कारागिराला ते लाल तापवूनच घडवावे लागते. माझ्याकडील काशाच्या वाडग्यात मी पायस वाढतो. पळीचा काठ लागला की त्यातून जो दीर्घ नाद उठतो, तो ऐकून जेवणारी मुले क्षणभर थबकतात.

पितळेला आणि तांब्याला मात्र कल्हईवाचून गती नाही. आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो आणि पोटाला बाधतो, म्हणून कल्हईवाला भात्याने निखारे फुलवून भांडे तापवितो, त्यात नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उसळतो, आणि 232 अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत आतून सर्वत्र पसरते. हा थर वापराने झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. ज्या भांड्याची कल्हई झिजते तेच भांडे जिवंत आहे, असे मी मानतो.

पुण्याच्या ज्या दिनकर केळकरांनी अडकित्त्यांपासून भांड्यांपर्यंत अपार वैभव गावोगाव हिंडून जमविले आणि 1975 मध्ये शासनाच्या स्वाधीन केले, त्यांच्यासमोर मी नतमस्तक आहे. त्यांनी ते केले नसते तर कितीतरी आकार आपल्याला ठाऊकच राहिले नसते. तथापि प्रत्येक घर संग्रहालय होऊ शकत नाही, आणि होऊही नये. आपल्या माळ्यावर आजीचे एखादे ओगराळे किंवा वेळणी काळवंडून पडली असेल, तर ती मोडीत घालण्यापूर्वी काठावरचे नाव वाचावे, कल्हईवाला शोधून काढावा, आणि येत्या सणाला घरातील सर्वांत लहान मुलाच्या पानावर त्यातूनच वरण वाढावे, एवढी माझी विनंती आहे.