मागची सीट

मोटार बंद पडली म्हणजे माणसे बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे. चालत्या मोटारीतील चार माणसे पालघरपासून मनोरपर्यंत एकमेकांशी एक शब्दही न बोलता जातील. पण तीच मोटार वाघोबा खिंडीत रुसून उभी राहू द्या, बॉनेट उघडू द्या, की दहा मिनिटांत कोणाच्या मुलीचे लग्न जमत नाही, कोणाच्या भावाने वाडीची वाटणी मागितली, हे सारे त्या उघड्या बॉनेटखाली येऊन पडते. नव्या गाड्यांत ही सोय राहिलेली नाही. त्या सहसा बंद पडत नाहीत. आणि पडल्याच तर आत पाहण्यासारखे एक काळे झाकण तेवढे असते. आम्ही काही मंडळी जुन्या गाड्या बाळगून आहोत, त्याचे खरे कारण कदाचित हेच असेल. बाहेर मात्र आम्ही 'छंद' असे सांगतो.

आमची मंडळी दर रविवारी सकाळी उमरोळीला जमते. पालघर आणि बोईसर यांच्या मधले हे लहानसे स्टेशन. त्यामुळे कोणी कोणाकडे गेले असे होत नाही आणि सर्वांचाच मान राहतो. रस्त्यालगत एका मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे, पुढे चिंचेची सावली आहे, पलीकडे चहाची टपरी आहे. सभेला याहून अधिक काय लागते? बोर्डीकडचे एक इराणीशेठ आपल्या चिकूच्या वाडीतील जीप घेऊन येतात. सातपाटीचे एक तांडेल आहेत. त्यांची चेतक सुरू करण्यापूर्वी एका कुशीवर कलती करावी लागते, आणि ती कलली की अजूनही तिच्यातून सुक्या बोंबलांचा वास येतो. बोईसरच्या एका कारखान्यात पाळ्या करणारा एक तरुण इंजिनियर येझदीवर येतो. म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद झाला तेव्हा हा तरुण जन्मलाही नव्हता. पण किकचा दांडा वळवून घेतला की तोच गिअरचा दांडा कसा होतो, हे तो आम्हां म्हाताऱ्यांना अशा आवेशाने समजावतो की जणू ते यंत्र त्यानेच योजले. माझ्याकडे वडिलांची 1968 सालची फियाट आहे. आणि अण्णांकडे 1984 सालची पद्मिनी होती. त्या पद्मिनीचीच हकीकत मला सांगावयाची आहे.

वस्तुतः फियाट आणि पद्मिनी या एकाच घरच्या. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात दोघी जन्मल्या. पुढे माहेरचे नाव जाऊन पद्मिनी हे नाव आले, तरी अंगलोट तीच राहिली. तेच 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लागलेला तोच गिअर, आणि उन्हाळ्यात पेट्रोलच्या पंपावर ओला फडका घातल्यावाचून पुढे न जाण्याची तीच खोड. मुंबईच्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 रोजी रस्त्यावरून निवृत्त झाली. त्यानंतरच्या रविवारी मिस्त्रींनी चहाचे पैसे कोणालाच देऊ दिले नाहीत.

आमच्या सभेचे कामकाज कोणी टिपून ठेवले, तर वाचणाऱ्याला वेड लागेल. इराणीशेठ "क्लच पकडत नाय" असे म्हणून उभे राहतात आणि तिसऱ्या वाक्याला बायकोच्या गुडघ्यावर येतात. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येऊ लागल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या फुगतात व चिरतात, हा आमचा सध्याचा मोठा विषय. त्यावर तांडेलांचे म्हणणे असे की, "माणसाला दारू सोडा म्हणून सांगतात आणि गाडीला पाजतात!" हसणे ओसरते न ओसरते तोच त्यांच्या धाकट्या भावाचा विषय निघतो, आणि मग थोडा वेळ कोणी बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या फियाटच्या बॉनेटखाली मांजर व्याले. पिलांचे डोळे उघडून ती हिंडूफिरू लागेपर्यंत तीन आठवडे मी किल्लीला हात लावला नाही आणि स्वतःच्या गाडीचा मालक असून महाविद्यालयात पायी गेलो. पण त्या तीन रविवारी मला जितके प्रश्न विचारण्यात आले, तितके माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेतही आले नव्हते.

अण्णा तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. 1969 साली देशातील पहिली अणुवीज तेथे निघू लागली. अण्णा तेथे पुष्कळ नंतर लागले, पण नोंद ठेवण्याची शिस्त त्यांच्या हाडांत मुरली होती. गाडीत एक लांबट वही असे: तारीख, मैल, तेल, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. त्यांचा कुत्रा मोती हा त्यांच्या पत्नीने चिंचणीच्या समुद्रकिनाऱ्यावरून पदराखाली घालून आणलेला. तो नेहमी मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी बसे. एकदा पॉइंट केव्हा बदलले हे पाहण्यासाठी अण्णांनी ती वही माझ्या हाती दिली. पाने उलटता उलटता मला एक नोंद पुनःपुन्हा दिसू लागली: 'मुंबई, जाऊन-येऊन.' दर एकवीस दिवसांनी. अशा अकरा नोंदी होत्या. बाराव्या वेळी नुसते 'मुंबई' एवढेच होते. मी वही मिटली. अण्णा कार्ब्युरेटरवर ओणवे होऊन म्हणाले, "त्या सगळ्या खेपांना मोती मागे होता. ती गेल्यापासून रात्री घरात झोपत नाही. गाडीचं दार उघडं ठेवावं लागतं." आणि त्याच श्वासात, "जेट साफ करायला हवा."

यंदा होळी झाल्यावर अण्णांनी गाडी विकावयाची असल्याचे सांगितले. मुलगी पुण्याला असते. एकट्याने राहू नका, असा तिचा आग्रह होता. तिच्या इमारतीत दुसऱ्या गाडीला जागा नाही आणि कुत्र्याला परवानगी नाही.

पुढील पंधरा मिनिटांचे वर्णन करताना मला संकोच वाटतो. आम्ही सारे त्या पद्मिनीवर तुटून पडलो. तांडेलांनी खाली वाकून गंज पाहिला. समुद्राच्या खाऱ्या हवेत चाळीस वर्षे राहूनही पत्रा शाबूत होता. इराणीशेठनी आपल्या पुतण्यासाठी भाव विचारला. इंजिनियरने रोख रक्कम सांगितली. मी काय केले? गाडी मला नको होती, पण तिचा मूळचा सोलेक्स कार्ब्युरेटर मला कित्येक वर्षे खुपत होता, आणि "तेवढा निराळा देता का?" असे मी त्या माणसाला विचारले. मोती खिडकीतून एकेकाकडे पाहत होता. लोक आपल्याला भेटावयास आले आहेत, अशी त्याची समजूत झालेली दिसली.

मिस्त्री हात पुसत पुढे आले आणि सीटकडे बोट करून म्हणाले, "सर, आणि याचं काय?"

त्यांनी प्रश्न मलाच का विचारला, हे मला अजून कळलेले नाही. मंडळी गप्प झाली. मग एकेकाची कारणे निघाली. वाडीत आधीच चार कुत्रे आहेत. कारखान्याच्या पाळ्या आहेत. कोळीवाड्यात जुने कुत्रे नव्याला टिकू देत नाहीत. सर्व कारणे खरी होती. महाप्रस्थानाच्या वेळी धर्मराजापुढेही एक वाहन होते आणि एक कुत्रा होता, आणि कुत्र्यावाचून त्याने रथात पाऊल टाकले नाही, हे मी वर्गात पुष्कळदा सांगितले आहे. त्या वेळी ते मला आठवले, आणि मी चहाचा पेला तोंडाला लावला.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतीला हकीकत सांगितली: आधी गाडी, मग तिला आलेली किंमत, मग कार्ब्युरेटर आणि शेवटी मोती. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "क्रम चुकला तुमचा." निबंध तपासताना मी विद्यार्थ्यांच्या समासात हेच लिहितो.

मोती आमच्याकडे आला तो बुधवारी. दोन रात्री त्याने पालघरच्या आमच्या आळीला झोप लागू दिली नाही. माझ्या फियाटचे दार उघडून पाहिले. त्याने सीट हुंगली आणि तो खाली उतरला. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी उपाय सुचविला तो ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पद्मिनीची मागची सीट काढून ती माझ्या फियाटमध्ये बसवावयाची!

वाचकांना यात काही विशेष वाटणार नाही. म्हणून खुलासा करतो. 2021 साली केंद्र सरकारने असा नियम केला की, 50 वर्षांहून जुनी, खाजगी वापराची आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. तिला निराळी पाटी मिळते. त्या पाटीवर माझा डोळा होता. त्यासाठी मी दरवाजांच्या मुठी शोधल्या, घड्याळाच्या तबकड्या शोधल्या, आणि वडिलांच्या वेळची ती मागची सीट, जिच्यावर मी लहानपणी माहीमच्या समुद्रावरून ओल्या चड्डीने परत येत असे, ती मूळच्या धाग्याने शिवून घेतली. अर्ज भरून टेबलाच्या खणात ठेवलेला होता. गाडी इंजिनियरने घेतली होती. त्याने सीटचे पैसे घेण्याचे साफ नाकारले. "काका, मी नवी करून घेईन. माझी गाडी काय, रस्त्यावर चालायचीच आहे," असे तो म्हणाला.

मिस्त्रींनी सीट थोडी ठोकून बसविली. ती तपकिरी रेक्झिनची आहे, एका बाजूला नखांनी फाटलेली, आणि माझ्या करड्या फियाटमध्ये इतकी विजोड दिसते की इराणीशेठनी ती पाहून डोळे मिटून घेतले. वडिलांची सीट माळ्यावर आहे. अर्ज अद्याप खणातच आहे. मोती त्या रात्री दहा वाजता डाव्या खिडकीशी चढला आणि सकाळी सातला उतरला.

अण्णा रविवारी पुण्याहून फोन करतात, सभा भरलेली असेल अशा बेताने. परवाही आला.

"गाडी काय म्हणते?" त्यांनी विचारले.

"बरी आहे," मी म्हणालो. "मागचं उजवं थंडीत जरा आखडलं होतं. आता सुधारतंय."

"तेल लावता ना?"

"रोज रात्री. आमच्या घरातून लावतात."

"चढावर दम लागतो का?"

"थोडा. मी सावकाश नेतो."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग अण्णा म्हणाले, "आणि खातो का नीट?"

"खातो," मी म्हणालो.