तळवा वर ठेवून

वरोरा

चि. ओंकार,


ताईचा फोन आला होता. रात्री उशिरापर्यंत तुझ्या टेबलावर पेन पडल्याची टकटक चालू असते म्हणाली. तिची समजूत मी घालते. तू पाठवलेला, बोटांवर पेन फिरवतानाचा व्हिडिओ मात्र मी थांबवून थांबवून पाहिला. इतकी वर्षं कुष्ठरोगानं हात आखडलेल्या लोकांना व्यायाम शिकवतेय, त्यामुळे तुझ्या पेनापेक्षा माझं लक्ष तुझ्या बोटांवरच होतं.

तळवा खाली असताना तुझा फिंगरपास सुरेख जातो. तर्जनी आणि मधल्या बोटातून निघालेलं पेन करंगळीपर्यंत जाऊन परत येतं, कुठेही खळ पडत नाही. तळवा वर केलास की ते अनामिकेपाशी अडतं. तुला वाटतं वेग कमी पडतो. मला तसं वाटत नाही. हात उलटा होताच तुझी बोटं मधल्या पेरात दुमडतात आणि पेनाचं टोक तळव्यावर आपटतं. सैल सोडलेला हात असाच मिटत जातो, कारण बोटं मिटणारे दणकट स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात आणि त्यांची ओढ कायम असते. बोटं मुळाशी वाकलेली आणि पुढची पेरं सरळ, अशी ठेवण हवी असेल तर हाताच्या पंज्यातलेच बारीक स्नायू लागतात. त्यांतले चार दिसायला गांडुळांसारखे, आणि सात तळहाताच्या हाडांच्या मधे. पेनाला फिरायला जागा तेच करून देतात.

या बारीक स्नायूंतल्या बहुतेकांना हुकूम देणारी नस कोपराच्या मागून, अगदी कातडीखालून जाते. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तीच. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणून ते नेमके तिथे घर करतात. मग अनामिका आणि करंगळी मुळाशी मागे जातात, पुढे आकडीसारखी वळतात. तुला जी ठेवण हवी आहे, तिच्या बरोबर उलट.

बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये आपल्या गावाबाहेरच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू झालं. असे हात घेऊन आलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले. लहानपणी तू आनंदवन पाहिलंस, पण हात पाहायचं तुझं वय नव्हतं. त्याच सुमाराला वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड चांगल्या स्नायूची कंडरा वळवून आखडलेल्या बोटांना जोडू लागले होते. अशा शस्त्रक्रियेनंतर माणसाला आपलंच बोट नव्यानं हलवायला शिकावं लागतं. तेव्हा घाम फुटलेले चेहरे मी पाहिले आहेत, आणि बोट सरळ झाल्यावर उजळलेलेही.

आखडू लागलेल्या हातासाठी आम्ही जो व्यायाम देतो, तो तळवा वर ठेवूनच करायचा असतो. हाताची पाठ मांडीवर टेकवायची, तेल लावायचं, दुसऱ्या हातानं बोटं मुळापासून टोकाकडे हळूहळू सरळ करत न्यायची. मग मुळाचे सांधे वाकवून धरायचे आणि पुढची पेरं स्वतःच्या ताकदीनं ताठ करायची. पेन हातात घेण्याआधी तू हेच कर. पेनही लांब घे, दोन्ही टोकांना टोपण बसवलेलं, म्हणजे वजन मध्यावर येईल.

आणखी एक. तू सारखा पेनाकडे बघतोस. बघू नकोस. पेन कुठे पोचलंय ते बोटांच्या कडेची कातडी डोळ्यांच्या आधी सांगते. ज्यांची संवेदना गेली आहे त्यांना मी रोज उलटं शिकवते: चहाचा कप उचलताना बघा, विळ्याची मूठ धरताना बघा, रात्री निजताना हात दिव्याखाली धरून कुठे फोड, कुठे चीर आहे का ते तपासा. त्यांच्या डोळ्यांना कातडीचंही काम करावं लागतं. तुला स्पर्श आहे, ओंकार. त्याच्यावर विसंब.

आधी एकच पास, सावकाश, अनामिकेवरून करंगळीकडे. तो बसला की मग अनेक पास जोडून करायच्या कॉम्बोचं बघू. करंगळीला मुंग्या आल्या तर लगेच थांब आणि मला कळव. दिवाळीत येशील तेव्हा डाव्या हातानंही करून दाखव. डाव्या हाताकडे तू अजून लक्षच दिलेलं नाहीस.

तुझी,
मावशी