बसून बाळंत होणारी पिढी

आम्ही सगळी चुलत-आते भावंडं झाईच्या एकाच घरात, ओटीमागच्या एकाच काळोख्या खोलीत जन्मलो. १९६० साली शेजारचं उंबरगाव गुजरातेत गेलं आणि आमचं गाव महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला राहिलं. मोठं इस्पितळ डहाणूला. कळा सुरू झालेल्या बाईला तिथवर न्यायचं म्हणजे वाटेतच सुटका. म्हणून घरोघरी सुईणीचाच भरवसा.

त्या खोलीत आढ्याला जाळ्याचा जुना दोर बांधलेला असे. आम्हा पोरांना आत मज्जाव. पण कुडाच्या फटी होत्या आणि मोठ्या बहिणींची तोंडं होती, त्यामुळे कळायचं ते कळे. कळा मंदावल्या की सुईण बाईला परसात चालवी. जोर आला की बाई दोर धरून उकिडवी बसे, मागून जाऊ किंवा नणंद काखेत हात घालून तिचा भार घेई. थकली तर गुडघ्या-हातांवर ओणवी होई. उताणं झोपायचं बाळ झाल्यावर. डोकं दिसू लागलं की सुईण गरम पाण्यात पिळलेलं फडकं खाली धरी आणि दटावी, “आता जोर नको गं, नुसती फुंकर घाल!” बाळ हळू यावं, अंग फाटू नये, यासाठी तिच्यापाशी तेवढाच उपाय होता.

तरी फाटायचंच. पहिलटकरीण असली, बाळ मोठं असलं, किंवा धास्तावलेल्या सासूने वेळेआधी जोर करायला लावला, की हमखास. टाके घालणारं कुणी नव्हतं. पाय जुळवून पडून राहायचं, कोमट पाण्याने धुवायचं, ओव्याची धुरी घ्यायची आणि महिना-सव्वा महिन्यात बोंबलांची पाटी डोक्यावर. आमच्या एका काकीचं अंग बाहेर येई. घडी घातलेलं जुनेर बांधून ती बाजार करी, लग्नात अगदी कडेला बसे आणि लांबच्या गावी जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढी. ती तिरसट आहे, असं घरात सगळे म्हणत. कारण बायकांना ठाऊक होतं, पण बोललं कुणीच नाही. अडलेल्या बाईला डोलीत घालून नेलं आणि ती परत आली नाही, अशीही घरं गावात होती. दोराचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

पुढे बहिणी आणि सुना दवाखान्यात जाऊ लागल्या. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आल्यावर तर घरची बाळंतपणं झपाट्याने कमी झाली. जीव वाचू लागले. पण तिथे उताणं झोपवत, पाय वर बांधत आणि पहिलटकरणीला कात्री लागतेच, असं सांगत. धाकटी बहीण टाके घेऊन घरी आली, तेव्हा आजी कितीतरी वेळ एकच विचारत राहिली, “झोपवून कसं काढलं गं पोर?”

आजीच्या प्रश्नात तथ्य होतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं की बाईला हव्या त्या स्थितीत, बसून किंवा उभ्यानेही, बाळंत होऊ द्यावं आणि सरसकट कात्री लावू नये. गरम फडक्याचा शेकही त्यात आहे. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणाऱ्या खोल जखमा त्याने कमी होतात. बसून बाळंत होताना कात्री कमी लागते, पण रक्त थोडं जास्त जाऊ शकतं. म्हणूनच शेजारी रक्तस्राव थांबवणारं औषध आणि टाके घालणारा हात हवा. आमच्या आज्यांकडे दोर होता, टाके नव्हते. सुनांना टाके मिळाले, दोर सुटला.

आमच्या नातींना दोन्ही मिळायला हवं. बाळंतपण दवाखान्यातच करा; पण आधीच्या तपासणीत डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारा, कुशीवर किंवा बसून बाळंत होता येईल का, आणि कात्री लावणार असाल तर कशासाठी. नंतर लघवी किंवा शौच आवरत नसेल, अंग खाली येतंय असं वाटत असेल, तर जुनेर बांधून गप्प बसू नका. यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत, गरज पडल्यास शस्त्रक्रिया आहे. आणि घरात अशी एखादी ‘तिरसट’ काकी अजून असेल, तर तिलाही सोबत घेऊन जा.