पणजीतला नाताळ आणि बेळगावचा कुंदा

लिस्बनचा नाताळ बघायचा बेत विमानाच्या तिकिटांनीच मोडला. मग काकतीहून चोर्ला घाटाने पणजी गाठली, आईला घेऊन. बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. दिवाळीला घरात फराळाची कढई चढली नव्हती.

उतरलो फोंताइन्हासमध्ये. पोर्तुगिजांनी 1843 मध्ये राजधानी केलेल्या पणजीचा हा जुना भाग. पिवळ्या-निळ्या भिंती, अरुंद गल्ल्या, दारोदारी कागदी चांदण्या, कोपऱ्याकोपऱ्यावर बाळ येशूचा गोठा. चोवीसच्या रात्री चर्चच्या पांढऱ्या पायऱ्यांखाली आई शाल गुंडाळून कोकणी गाणी ऐकत उभी. “शब्द कळतात की रे!”

सकाळी घरमालकीणबाई ताट घेऊन आल्या. नाताळात शेजारीपाजारी गोडधोड पाठवायची तिथली रीत. दोदोल, बाथ आणि नेवऱ्या. आईने एक नेवरी मोडून पाहिली, आत खोबरं. “ही तर आपली करंजीच,” म्हणाली आणि अख्खी खाल्ली. त्या वर्षातली पहिली.

ताट रिकामं कसं परत द्यायचं? मडगावच्या मावशीसाठी आणलेला कुंदा तिने त्यात काढून ठेवला.

“मावशीला काय सांगायचं?”

“सांग, वाटेत तूच संपवलास.”