आधी उत्तर, मग पाणी

यक्षप्रश्न हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय. पार्किंगचा यक्षप्रश्न, कचऱ्याचा यक्षप्रश्न, जागावाटपाचा यक्षप्रश्न. आमच्या घरी तर संध्याकाळी भाजी कोणती करायची, हाही यक्षप्रश्नच. ज्याला उत्तर नाही तो यक्षप्रश्न, असं सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलंय. शब्द उच्चारताना एक सुस्कारा सुटतो आणि हात झटकून मोकळं होता येतं.

गंमत अशी, की महाभारतात यक्षाचा एकही प्रश्न अनुत्तरित राहत नाही.

वनपर्वाचा अगदी शेवट. बारा वर्षांचा वनवास सरत आलाय. एका ब्राह्मणाची अरणी शिंगांत अडकवून पळालेल्या हरणामागे धावून पाचही भाऊ तहानेने कासावीस झालेत. नकुल पाण्याला जातो. तळ्याकाठी आवाज येतो: आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पाणी पी. तो ऐकत नाही, पितो आणि कोसळतो. मागोमाग सहदेव. अर्जुन तर न दिसणाऱ्या आवाजावर बाण सोडतो. प्रश्नावर बाण चालवणारा माणूस मला तरी दुसरा ठाऊक नाही, निदान पुराणात. भीमाचा हिशेब साधा, आधी पाणी पिऊ, मग लढू. चौघांनाही प्रश्न अवघड गेला नाही. त्यांनी तो ऐकूनच घेतला नाही.

युधिष्ठिरही तितकाच तहानलेला. पण तो थांबतो. मग जे सुरू होतं ते दिवेलागणीला आजीने घातलेल्या कोड्यांसारखंच. पृथ्वीहून जड कोण? आई. वाऱ्याहून चपळ? मन. गवताच्या पात्यांहून जास्त? चिंता. सगळ्यात मोठं आश्चर्य कोणतं, याचं उत्तर जरा गंभीर: रोज माणसं मरताना पाहूनही उरलेल्यांना आपण कायमचे असं वाटतं. उत्तरं झटपट येतात. एवढा शहाणा माणूस द्यूताला बसला कसा, असं मनात येतंच.

खरी कसोटी उत्तरं संपल्यावर लागते. यक्ष म्हणतो, यांतल्या एकालाच उठवीन, कोणाला ते सांग. पुढे अज्ञातवास आहे, त्यापुढे युद्ध. व्यवहार म्हणेल भीम, नाहीतर अर्जुन. युधिष्ठिर नकुलाचं नाव घेतो. कुंतीचा एक मुलगा, म्हणजे तो स्वतः, जिवंत आहे. माद्रीचाही एक असावा. कुंती वाट पाहत हस्तिनापुरात आहे आणि माद्री केव्हाच पांडूच्या चितेवर गेलेली. जी विचारायला कधीच येणार नाही, तिचा वाटा त्याने बाजूला काढून ठेवला.

यक्ष म्हणजे खुद्द धर्म, त्याचा बाप. तो खूश होऊन चौघांनाही उठवतो. मला हे जरा घाईचं वाटतं. निवड करून झाल्यावर किंमत परत मिळाली, तर निवडीचं वजन कमी होतं. व्यासांना मात्र युद्धासाठी पाचही जण हवे होते.